न पाहिलेल्या रस्त्याची माहिती

त्या शुक्रवारी मी फिरायला निघालेच नव्हते. आमच्या प्रवासाच्या ऑनलाइन ग्रुपवर सकाळी सातला नाशिकच्या एका निवृत्त शिक्षक काकांचा मेसेज दिसला: "ताई, धाराशिवहून निघालो. तेरपासून तुम्ही सांगितलेल्या नदीकाठच्या रस्त्यानंच पुढं जाणार. सौ. सोबत आहेत."

त्या रस्त्यानं मी कधी गेलेच नव्हते. हिवाळ्यात तेरला गेले होते, तेव्हा नदीवरच्या फरशीपर्यंत, म्हणजे त्या बुटक्या पुलापर्यंत जाऊन परतले होते. पलीकडचं सगळं चहाच्या टपरीवर ऐकलेलं. ग्रुपवर मात्र "रस्ता उत्तम, गाडी आरामात जाते" असं ठोकून दिलं होतं. आणि आता तीन दिवस पाऊस लागून होता.

काकांना फोन केला. लागेना. ऑफिसला कळवलं, गाडी काढली आणि सोलापूर सोडलं. तामलवाडी, तुळजापूर, धाराशिव. इथवर रस्ता झकास आहे. तुळजापुरात नाश्त्याला थांबतात सगळे, मी थांबले नाही. धाराशिवहून तेरला लोकल एसटी मिळते, पण स्वतःची गाडी असेल तर पावसाळ्यात हळू चालवा, खड्डे पाण्यानं भरलेले असतात. मी मात्र त्या दिवशी हळू चालवत नव्हते. दर दहा मिनिटांनी फोन लावत होते आणि तेच ऐकत होते: संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

तेरला त्रिविक्रम मंदिर आणि वस्तुसंग्रहालय आहे, दोन्ही सोडू नका. मी दोन्हींवरून तशीच पुढं गेले. स्टँडजवळच्या टपरीवाल्याला विचारलं, "पांढरी गाडी बघितली का? म्हातारं जोडपं?"

"व्हय, गेली की फरशीकडं. म्या म्हटलं, पाणी हाय, जाऊ नगा. तर म्हणले, आमच्याकडं माहिती हाय."

माझी माहिती!

चिखलात गाडी घसरत होती. वळण घेतलं आणि दिसलं ते गढूळ, भरधाव पाणी. फरशी कुठं होती तेही कळत नव्हतं. गाडी दिसेना. खाली उतरून काठापर्यंत पळत गेले, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई! कुटं निगालाव?"

बाभळीची मोठी फांदी रस्त्यावर आडवी टाकलेली होती. घाईत मी तिला वळसा घालून आले होते. फांदीजवळच्याच शेतात, पत्र्याच्या शेडपाशी पांढरी गाडी चाकापर्यंत रुतलेली, आणि शेडमध्ये काका-काकू चहा पीत बसलेले. फांदी बघून काका वळायला गेले, तिथं चाक काळ्या मातीत बसलं. ओरडणाऱ्या शेतकरीण मावशींचा मुलगा ट्रॅक्टर आणायला गेला होता.

मी शेडमध्ये त्यांच्यासमोर जाऊन बसले. मग सांगून टाकलं, "काका, मी त्या पुलावरून कधी गेलेच नाही."

काकूंनी कप खाली ठेवला. "मग लिहिलंस कशाला गं?"

मग तेही सांगितलं. ऑफिसात दिवसभर टायपिंग करते, मला कुणी काही विचारत नाही. ग्रुपवर लोक विचारतात. "धन्यवाद ताई" म्हणतात. माहीत नाही म्हटलं की ते दुसऱ्याकडे वळतात. एवढंच.

मी मावशींना विचारलं, "फांदी तुम्ही टाकलीत?"

"दर पावसात टाकते. लई जण शिव्या देत्यात, काढून फेकत्यात."

"मग कशाला टाकता?"

"आता मला दिसतंय पाणी, त्यांना दिसत न्हाय. गप कशी बसू?"

ट्रॅक्टरनं गाडी निघाली. काका निघताना फक्त म्हणाले, "घरी गेलीस की ते आधी दुरुस्त कर."

केलं. त्याच संध्याकाळी जुनी सगळी उत्तरं काढून बसले. जिथं गेले नव्हते त्या ठिकाणांबद्दलची पुसली; बरीच निघाली. तेरच्या पोस्टखाली खरं काय ते लिहिलं. काही जण रागावले, ते बरोबरच होतं. मग एकीनं विचारलं, "मग पावसाळ्यात पलीकडं जायचं कुठून?"

"मला माहीत नाही. तेरला पोचल्यावर तिथल्या माणसांना विचारा," असं लिहिलं. एवढ्याशा उत्तराला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.