मागच्या चाकाची हवा

दोन मुलांनी मला नाकारल्यावर तिसरा बघायला येणार होता, त्या सकाळी आईनं मला दम भरला. "मान खाली घालायची. इचारलं तेवढंच बोलायचं. सायकलीचं नाव जरी काढलंस तरी बघ!" आधीच्या दोघांना माझं सायकल चालवणंच खटकलं होतं.

भाऊ पलटणीत गेला तेव्हा आपली सायकल आणि पंप माझ्या हवाली करून गेला होता. कुंडलजवळच्या आमच्या गावातून त्याच सायकलीवर मी शेजारच्या गावी शाळेत शिकवायला जायची. निघण्याआधी दोन्ही चाकांची हवा अंगठ्यानं दाबून बघायची. अंगठा जरासा आत गेला पाहिजे. फार गेला तर रिम आपटते, अजिबात गेला नाही तर टायर उन्हात दगा देतो. गावातल्या बाप्यांना हे कळत नाही आणि मला कळतं, याचा मला भलताच ताठा होता.

साल त्र्याहत्तर की चौऱ्याहत्तर, आता नक्की आठवत नाही. एप्रिलचं ऊन मात्र पक्कं आठवतं. मुलगा मूळचा औंधचा, नोकरीला सांगलीत. सांगलीहून सायकल मारत आला आणि मागं कॅरिअरवर त्याचे मामा, चांगले धिप्पाड. मी चुलीपुढून खिडकीतून बघत होते. अंगणात उतरल्यावर त्यानं खिशातला रुमाल काढला, आधी सायकलीचं हँडल पुसलं, मग मडगार्ड पुसलं आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं तोंड.

लग्न करायचं तर याच्याशीच, असं पोहे परतता परतता मी ठरवूनही टाकलं. त्यानं मला पसंत करायचं तेवढं बाकी होतं.

दोघं आत येऊन बसले आणि घटकाभरात अंगणातली सावली सरकली. मागचं चाक भर उन्हात आलं. टायर जुना, कडेला झिजलेला, आणि मामांच्या वजनाला पुरावी म्हणून हवा ठासून भरलेली. मला राहवेना. मागल्या दारानं गेले, अंगठा टेकवला तर नुसता दगड! मी व्हॉल्व्हचा नट जरा ढिला केला. फुस्स झालं, आणि तेवढ्यात मामा चूळ भरायला बाहेर आले.

"आरं भाच्या," ते तिथूनच ओरडले, "पोरीनं तुला ठिवून घ्यायचं ठरवलं की रं!"

आमच्याकडं जावयाला मुक्कामाला अडकवायचं म्हणजे मेव्हण्या गुपचूप त्याच्या सायकलची हवा सोडायच्या. पंप घरातच असायचा, हे जावयालाही ठाऊक असायचं. तरी तो "आता कसं जायचं?" म्हणत खुशाल सदरा काढून खुंटीला लावायचा. तसला प्रकार मी बघायला आलेल्या मुलाच्या सायकलीला केला, असा त्याचा अर्थ झाला. घरात हशा पिकला. आईला मात्र घाम फुटला.

पोह्यांच्या बशा घेऊन गेले तर तो विचारतो, "हवा का सोडली?"

"लय टाइट हुती. उन्हात फुटली असती."

"डबलसीटला टाइटच लागती."

"टायर नवा असंल तर."

"मी मॅट्रिकपासनं सायकल चालवतोय."

"मग तवापासनं चुकतंय."

आईनं पदर तोंडात धरला. माझे वडील, आबा, आढ्याकडं बघत राहिले. त्याचे कान लालबुंद झाले. तो उठला, आमचाच पंप मागून घेतला आणि माझ्यासमोर टायर पुन्हा दगड होईपर्यंत हाणत राहिला. मामा म्हणाले, "येतो. कळवतो." कळवतो म्हणजे काय, ते मला याआधी दोनदा कळलं होतं.

ते निघाले. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मनात त्या टायरला विनवत होते, फूट रे मेल्या, फूट! देवाकडं मी एवढ्या कळकळीनं कधी काही मागितलं नव्हतं. सायकल वेशीच्या वळणाला गेली आणि धाडकन आवाज झाला. झाडावरचे कावळे उडाले. मी टाळ्या पिटत उडीच मारली आणि आईचा धपाटा पाठीत बसला.

दोघं सायकल ढकलत परत आले. मामा पोट धरून हसत होते. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "पंक्चरचं सामान हाय का?"

होतंच. लिंबाखाली आम्ही दोघं उकिडवे बसलो. ट्यूब बोटभर फाटली होती. मी कानशीनं घासली, त्यानं सोल्युशन लावलं, ठिगळ चिकटवलं. टायरच्या फटीला आतून जुन्या टायरचा तुकडा बसवला. मग तो पंप मारायला लागला आणि मी टायरवर अंगठा ठेवला.

"बास," मी म्हटलं.

तो थांबला. पंपाचा दांडा वर होता तसाच थांबला. आपलंच खरं करायला अजून एखादा हात मारेल असं मला वाटलं होतं, पण नाही. माझ्या शब्दावर असा थांबलेला पुरुष मी तोवर पाहिलाच नव्हता. मला इतका आनंद झाला की उठून उभी राहिले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "आई, मला पसंत हाय!"

मला कुणी विचारलंच नव्हतं. आईच्या हातातला तांब्या खाली पडला.

"मग मला बी इचारा की कुणीतरी," तो पंप खाली ठेवत म्हणाला.