आप्पांच्या दोन कवट्या

आप्पांना जाऊन महिना होत आला, पण ती दुपार अजून अंगावर येते. ते गेले तेव्हा मी उशाशीच होते. रडायला सवड मिळाली नाही, कारण थोड्याच वेळात उचगावहून भावकी आली आणि प्रश्न उभा राहिला, अग्नी कोणी द्यायचा… तिरडी बांधून तयार, आणि आप्पांचा पुतण्या संभाजी दारात आडवा. "तू लई केलंस त्यांचं, न्हाय म्हणत न्हाय. पर तू रक्ताची न्हाईस." खरंच होतं ते. आप्पा माझ्या वडिलांचे नुसते मित्र. आईवडील गेल्यावर त्यांनी मला बोरगावहून निपाणीला आणलं आणि वाढवलं. पण हा शेवटचा हक्क मला हवाच होता. मी तिरडीपाशीच उभी राहिले.

आप्पा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. प्लास्टरच्या दोन कवट्या त्यांनी स्वतः घडवल्या होत्या. एक झाडं कुरतडून नदीत बांध घालणाऱ्या बीव्हरची, दुसरी ऑस्ट्रेलियातल्या बिळं खोदणाऱ्या वॉम्बॅटच्या, केव्हाच नामशेष झालेल्या एका थोराड जातीची. दोघांचे पुढचे दात पटाशीसारखे, जन्मभर वाढणारे. "भाऊ-भाऊ व्हय रं हे?" ते वर्गाला विचारत. पोरं हमखास हो म्हणत आणि फसत. बीव्हर उंदराच्या कुळातला, तर दुसरा कांगारूसारखा पिल्लू पोटपिशवीत वाढवणारा. "नातं लई लांबचं. पर दोघांनीबी पिढ्यान् पिढ्या चिवटच चावलं, म्हणून तोंडं सारखी झाली." मला ते धड्यापुरतंच वाटायचं.

त्या दुपारी अंगणात आप्पांची थोरली बहीण, आत्ती, भिंतीला टेकून माझ्याकडे एकटक बघत होती. आता हीही नको म्हणणार, असं मला वाटलं. ती काठी टेकत उठली.

"संभा, हिच्याकडं बघ की रं. मान कलती, हात पाठीमागं… आप्पाच उभारलाय जणू. त्याच्याजवळ ऱ्हाऊन पोरीनं त्याचं उभारणंसुदीक उचललंय, आनि तू रक्त इचारतोस?"

मी दचकून हात सोडले. आपण अशा उभ्या राहतो, हे मला ठाऊकच नव्हतं. संभाजी दारातून बाजूला झाला.

आत्तीच्या शब्दावर स्मशानात पाण्याचं मडकं माझ्या खांद्यावर आलं. फेऱ्या घालताना त्याला दगडानं भोक पाडायला मागं घरचंच माणूस लागतं… कोणी पुढं येईना. मग संभाजीनंच दगड उचलला.

"चल, आक्का," तो म्हणाला.

मी चालू लागले. पाठीवर गार पाणी ओघळलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी मोठ्यानं रडले.