गोलकीपरची दृष्ट

माझी नात बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर आहे. या हिवाळ्यात तिने इतके गोल खाल्ले की शेवटच्या मॅचमध्ये कोचने तिला मध्येच बाहेर काढून दुसरीला उभं केलं. घरी आल्यावर तिने ओलं सामान बॅगेतच ठेवलं आणि म्हणाली, "आय ॲम डन." पुढच्या वर्षाच्या टीमची निवड शनिवारी भल्या सकाळी होती. ती जाणार नव्हती.

सून म्हणाली, "आई, दृष्ट लागलीय तिला. हे मराठी मंडळात सगळ्यांना तिचे व्हिडिओ दाखवत फिरतात ना! तुम्ही काढा."

माझा त्यावर फारसा विश्वास नाही. पण घरात मोठी मीच, आणि वाद घालायला आता दम पुरत नाही. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या, तिच्यावरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. धूर झाला तसा छताचा अलार्म बोंबलायला लागला. सून खिडक्या उघडत धावली. नात खुर्चीवर चढून, खोकत खोकत टॉवेल हलवत होती. अलार्म थांबल्यावर तिने वरूनच विचारलं, "म्हणजे आजी, दृष्टच होती? माझी चूक नव्हती?"

"तुझीच होती," मी म्हटलं. "शेवटच्या दोन गोलांना तू जागची हललीच नाहीस."

"अहो आई!" सून ओरडली.

नात खाली उतरली. "थँक यू. सगळे नुसतं इट्स ओके म्हणतात. इट्स नॉट ओके."

"मग हलली का नाहीस?"

"गोल गेला की मी वर बघते. मॉम डोळे पुसत असते. बाबा उगाच हसून अंगठा दाखवतात. मग मला पुढचं काही दिसतच नाही."

खोटं नव्हतं ते. बाकीचे आईबाप कॉफी पीत फोन बघतात. आम्ही चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा घेऊन, ऑपरेशन थिएटरबाहेर बसावं तसे हिवाळाभर बसलो होतो.

मी म्हटलं, "सोडायचं तर सोड. पण आमच्या तोंडांपायी सोडू नकोस. आम्ही येत नाही."

"तू ये. तुझं तोंड नेहमी सेमच असतं."

"एवढ्या सकाळी? माझे गुडघे तू वाहणार का?"

"मग मी पण नाही जात."

काय करणार? तिच्याकडून बॅग उघडवून घेतली. वास असा, की मेलेला उंदीर बरा. बेसमेंटमध्ये माझ्या जुन्या साडीवर तिनेच सगळं वाळत घातलं.

शनिवारी मुलाने आम्हाला सोडलं आणि तो पार्किंगमध्येच बसला. मी एकटी त्या गार बाकावर. थोड्याच वेळात तिच्या दोन पायांमधून गोल गेला. तिने वर बघितलं. मी तेव्हा या बाकावरून उठणार कशी, या विचारात होते. तिने स्टिक बर्फावर आपटली आणि पुन्हा वाकली. पुढचा फटका पॅडवर अडवला.

गाडीत तिने विचारलं, "कशी खेळले?"

"तो पायांमधला जायला नको होता."

"आय नो," ती म्हणाली. निवड झाली की नाही ते संध्याकाळी कळणार होतं. घरी आल्यावर मी आडवी झाले. खालून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. सामान वाळत घालायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.