जेलच्या शेवया

ड्रममध्ये ढवळायची काठी घातली तर ती उभीच राहिली. आत पातळ द्रावण हवं होतं, झाला होता खरवस. सेलूचे खतांचे डीलर कुठल्याही क्षणी पोचणार होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

आधी धंदा सांगते. मोसंबीच्या सालीतून पेक्टिन काढतात. जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळेच. परभणीच्या एका छोट्या कंपनीत मी केमिस्ट आहे. पेक्टिनच्या द्रावणात युरिया मिसळायचा आणि ते कॅल्शियमच्या पाण्यात थेंबथेंब सोडायचं. कॅल्शियम लागलं की थेंबाचा जेलचा मणी होतो. असे मणी कपाशीच्या मुळाशी पुरले की युरिया एकदम वाहून जात नाही, हळूहळू सुटतो. डेमो फसला तर प्रोजेक्ट बंद, असं साहेबांनी बजावलं होतं. मग मी परत माती तपासायला. या मण्यांवर माझा फार जीव होता.

प्लॉट झरीच्या मन्मथअप्पांच्या शेतात. तिथलं बोअरचं पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियम आधीच भरपूर. म्हणून मी शुद्ध पाण्याचा जार सोबत नेला होता. तो आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरापाशी, ठेवून मी ओळी आखायला गेले. परत येऊन जार ड्रममध्ये ओतला, पावडर आणि युरिया टाकून ढवळलं. आणि खरवस.

"अप्पा, जारात पाणी कुठलं होतं?"

"बोअरचं की. तुमचं चांगलं पाणी चहाला काढून ठिवलं. पाव्हण्याला बोअरचं कसं द्यावं?"

"मग जार भरला कशाला?"

"कुणाचं भांडं रिकामं देत असत्यात का, ताई?"

मी बाजेवर बसून हसत सुटले. अप्पांच्या घरच्या काकूंना वाटलं, पोरीला ऊन लागलं. त्यांनी कांदा आणला.

तेवढ्यात साहेब आणि डीलर यांची जीप आली. साहेब ड्रममध्ये डोकावले. "मणी कुठायत?"

"सर, पाच मिनिटं द्या."

जेल अर्धवटच धरलं होतं. बारीक करून कॅल्शियमच्या पाण्यात सोडलं तर अजून घट्ट होणार होतं. पण बारीक करायचं कशानं? कांदा धरलेल्या काकूंकडे बघताना सुचलं.

"काकू, शेवेचा सोऱ्या आहे?"

"हाय की. पर खताचं झाल्यावर तो शेवंला चालंल का?"

"नाही चालणार. नवा आणून देते."

काकूंनी घरातून पितळी सोऱ्या आणून दिला. मी जेल भरत होते, साहेब बाह्या सारून दाबत होते. पांढुरक्या शेवया पाण्यात पडून टणक व्हायला लागल्या, तशी मी चक्क टाळ्या वाजवल्या. आनंदानं डोकं हलकं झालं होतं.

डीलरनं एक शेवई उचलून ताणली. "मणी असते तर गडगडले असते. हे सरीत ओळीनं टाकता येतंय. लय बेस हाय."

"आमचा विचार तोच होता," साहेब गंभीरपणे म्हणाले. मी पाठ फिरवून उभी राहिले.

कपाशीला पाती, म्हणजे कळ्या, लागल्या तेव्हा शेवयांची ओळ हिरवीगार होती, शेजारची साध्या युरियाची पिवळी पडत होती. डीलरनं ऑर्डर दिली. प्रोजेक्ट वाचला.

आता मी शेतावर दोन जार नेते, एक ड्रमचा, एक चहाचा. काकूंना नवा पितळी सोऱ्या नेऊन दिला. रिकामा नाही, आत साखर भरून.