बंड्याचा सुटकेचा शब्द

जर्मनीला निघायच्या आदल्या दिवशी बंड्याची शेवटची ड्रिल झाली. वेळ संध्याकाळी सहा. ठिकाण नाशिकचा द्वारका चौक. ट्रक, रिक्षा, एसटी, सगळ्यांचे हॉर्न एकदम. मी पिंजरा फुटपाथवर ठेवला, "बैठ" म्हणालो आणि घड्याळ लावलं. पंचेचाळीस मिनिटं बंड्याने हूं की चूं केलं नाही.

"पिल्लू परदेशी पाठवताय की बॉर्डरवर पोस्टिंग देताय?" घरी आल्यावर बायको म्हणाली.

मी सतरा वर्षं सैन्याच्या डॉग युनिटमध्ये हँडलर होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. बंड्या नामपूरचा, गावठी, सात महिन्यांचा. युनिटमधला माझा जिवलग नाईक सुभाष अहिरे याच्या घरच्या कुत्रीचं पिल्लू. सुभाष शहीद झाला तेव्हा त्याची मुलगी सायली दहा महिन्यांची होती. आज ती फ्रँकफर्टला नर्स आहे, एकटी राहते. "काका, मला इथे घरचं कुणीतरी हवंय," ती फोनवर म्हणाली आणि मी शब्द देऊन बसलो. मग चिप, लस, रक्ताची तपासणी, तीन महिन्यांची सक्तीची वाट. सायलीने आठवडाभराची रजा काढली होती. हे विमान चुकलं असतं तर कागद पुन्हा, रजा वाया, आणि तोवर बंड्या त्या पिंजऱ्यात मावलाही नसता.

पिंजऱ्याची सवय मी त्याला युनिटच्या पद्धतीने लावली. एकदा "बैठ" म्हटलं की सुटकेचा शब्द मिळेपर्यंत कुत्र्याने हलायचं नाही. हा शब्द प्रत्येक हँडलरचा वेगळा असे. सुभाषचा अहिराणी होता. त्याच्या मागे माझ्या सगळ्या कुत्र्यांना मी तोच शिकवला.

सकाळी पाचला निघालो. साडेनऊला मुंबईच्या कार्गो शेडमध्ये पोहोचलो. तपासणीच्या डॉक्टर मॅडमनी पिंजऱ्यात बॅटरी मारली, जाळी वाजवली. बंड्या पुतळ्यासारखा.

"गुंगीचं औषध दिलंय?"

"नाही, मॅडम."

"मग हा हलत का नाही? औषध दिलेलं जनावर आम्ही विमानात चढवत नाही. वर श्वास अडकतो."

मला दरदरून घाम फुटला. चूक शंभर टक्के माझी. घरच्या पिल्लाला मी गस्तीवरचा जवान करून ठेवलं होतं.

"मॅडम, दोन पावलं मागे सरा."

त्या सरल्या. मी वाकून म्हणालो, "चाल भो, घर चाल!"

बंड्या असा उसळला की पिंजरा हातभर सरकला. भुंकून त्याने शेड डोक्यावर घेतलं. शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजराची गाळण उडाली.

"कळलं, कळलं! आता बंद करा," मॅडम हसत म्हणाल्या.

"बैठ."

शांतता. दहा पन्नासला शिक्का पडला. माझा न धुतलेला बनियन ओळखीच्या वासासाठी आत त्याच्या नाकापाशी ठेवला होताच. बेल्टवरून पिंजरा आत गेला आणि मला रडू आलं. सांगायला लाज कसली?

दुसऱ्या दिवशी साडेअकराला सायलीचा व्हिडिओ कॉल आला. बंड्या तिच्या घरी पोहोचला होता.

"काका, दार केव्हाचं उघडंय. हा बाहेरच येत नाही. आजारी आहे का?"

मी कपाळावर हात मारला. पोरीला शब्द सांगायचाच राहिला होता. सांगितला. ती पिंजऱ्यासमोर गुडघ्यावर बसली.

"चाल भो, घर चाल!"

पुढचं मिनिटभर स्क्रीनवर नुसती शेपटी आणि सायलीचं हसणं.

"काका, तुम्ही नाशिकचे. अहिराणी कुठून शिकलात?"

"तुझ्या बाबांकडून. रॉकेट नावाची त्यांची कुत्री होती. काम संपलं की तिला हेच म्हणायचे."

 मग बंड्याच्या कानाशी वाकून तिने ते पुन्हा म्हटलं, हळू, एकेक शब्द. मला फार बरं वाटलं.

बाकीचं मी तिला पूर्वीच सांगितलं होतं. ती सकाळ, सहा दहा. रस्ता तपासत रॉकेट पुढे होती. ती कडेला बसली, म्हणजे खाली सुरुंग. सुभाषने हात वर केला. रेडिओवर दोनच शब्द आले, "सगळे थांबा." आम्ही थांबलो आणि स्फोट झाला.

त्या दिवशी आम्ही अकरा जण परत आलो. नाईक सुभाष अहिरे आणि रॉकेट आले नाहीत. "घर चाल" असं रॉकेटला म्हणायची वेळ त्याला मिळालीच नाही.