दगडांवर उभी गाडी

भिण्याच्या कामात आमच्या कोरेगावच्या घरमालकांइतका कष्टाळू माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात झाला नसेल. इतर माणसं काही घडलं की भितात. हे सकाळी उठून, चूळ भरून, भ्यायला बसत. गंमत म्हणजे गृहस्थ लष्करातले. मोठ्या लढाईत आजूबाजूला गोळे पडत असताना ट्रक हाकलेला माणूस, हवालदार होऊन पेन्शनीत निघालेला. गाव त्यांना हवालदारच म्हणे. घरी मात्र आडाचं पाणी शेंदताना कमरेला दोर बांधून त्याचं टोक बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हाती देत. पाल चुकचुकली की बाहेर जायचं रद्द, आणि चुकचुकली नाही तर ती कुठं दबा धरून बसली असेल या धास्तीनं रद्द. मी त्यांच्याकडं भाड्यानं राहणारा शाळामास्तर. एकदा धीर करून विचारलं, की लढाईत कसं निभावलंत? ते शांतपणे म्हणाले, "तिथं सायब हुता की. भ्यायचं का न्हाई ते त्योच सांगायचा."

त्यांची गाडी हेही या भीतीचंच अपत्य. परगावी गेलं की धर्मशाळेत ढेकूण, लॉजमध्ये चोर आणि पाहुण्यांकडं पडणारं छप्पर, तेव्हा घरच बरोबर न्यावं असं ठरवून त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी अँब्युलन्स घेतली. आत दोन फळ्यांच्या बाजा, स्टोव्ह, पाण्याची टाकी, खिडकीला काकूंच्या जुन्या लुगड्याचे पडदे. उन्हाळ्यात हे बिऱ्हाड जोतिबाला, आष्ट्याच्या बहिणीकडं, कधी थेट बदामीपर्यंत जाऊन येई. वाटेत उतार आला की काकू खाली उतरून पुढं चालत आणि गाडी मागून येई, कारण ब्रेकवर हवालदारांचा विश्वास नव्हता. तशी गाडी अंगावर आली तर काकूंचं काय होईल, याचा विचार त्यांनी कसा केला नव्हता कोण जाणे.

दिवाळी झाली की मात्र गाडी बंद. कारखान्याची उसाची वाहतूक सुरू होई, आणि अंधारात दिव्याशिवाय चाललेल्या बैलगाडीचं नुसतं नाव काढलं तरी हवालदारांना घाम फुटे. शिवाय गाडी बंद असल्याचा अर्ज साताऱ्याच्या कचेरीत दिला की तेवढ्या महिन्यांचा कर वाचे. मग काटकसरीला ऊत येई. ताडपत्री महाग म्हणून गाडीवर उसाचं पाचट. बॅटरी पडून मरते म्हणून ती लग्नात कर्णे लावणाऱ्या एका माणसाला फुकट वापरायला द्यायची; तो ती जिवंत ठेवी, आणि हवालदारांची बॅटरी हिवाळाभर तालुक्यातली लग्नं जेवून येई. उभ्या गाडीचे टायर बसतात म्हणून सगळी चाकं काढून गाडी घडीव दगडांवर चढवायची आणि चाकं घरात, आतल्या खोलीतल्या पलंगाखाली. उन्हानं तडकायला नकोत आणि चोरानं न्यायला नकोत.

एवढं करून उरे ती इन्स्पेक्टरची भीती. बंद म्हणून लिहून दिलेली गाडी वापरताना सापडली तर कर भरून वर दंड, हे त्यांनी कुठंसं ऐकलं होतं. म्हणून गाडीत कोणी बसायचं नाही, टेकायचं नाही, सावलीला थांबायचं नाही. एकदा एक कोंबडी आत शिरून ड्रायव्हरच्या सीटवर अंडं घालून गेली. हवालदार माझ्याकडं आले आणि हलक्या आवाजात विचारू लागले, की मास्तर, कायद्यात ह्यो वापर धरत्यात का? मी नाही म्हणालो, तरी ते अंडं त्यांनी घरात येऊ दिलं नाही.

सदुसष्ट सालच्या डिसेंबरात एका पहाटे धरणी हलली. कोयनेकडची गावंच्या गावं आडवी झाली. आमचं घर उभं राहिलं, पण आतल्या खोलीच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली, आणि रोज एक-दोन धक्के बसतच राहिले. सगळं गाव थंडीत उघड्यावर झोपू लागलं. माझी बायको दिवसांत होती, नववा लागलेला. तिचं माहेर पाटणकडं. माणसं वाचली होती, पण घर उरलं नव्हतं, तेव्हा धाडायची सोय नाही. आम्ही अंगणात चादरींचा आडोसा करून राहिलो, त्या दगडांवरच्या गाडीच्या शेजारी. सकाळी चादर दवानं भिजलेली असे आणि तिचे ओठ निळे पडलेले. सुईण येऊन बघून गेली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, की बाईला अशी गारठ्यात ठेवलीत तर पुढं मला बोल लावू नका. मला काय करावं ते कळेना. घरात न्यावं तर भिंत, बाहेर ठेवावं तर थंडी. आयुष्यात इतका मी कधी भ्यालो नाही.

हवालदारांची तर गाळण उडाली होती. धक्का बसल्यापासून त्यांनी घराच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. काकू आत जाऊन भाकरी करत आणि हे बाहेरून, कौलांवर नजर ठेवून, त्यांना लवकर या म्हणून हाका मारत. त्या दुपारी ते गाडीभोवती फेऱ्या घालू लागले. गाडीत माझ्या बायकोला घ्यायचं तर दगडांवर घेता येणार नव्हतं, एका धक्क्यासरशी गाडी खाली आली असती. चाकं लावायची तर ती पलंगाखाली, त्या भेगेच्या भिंतीला लागून. आणि चाकं लागली की इन्स्पेक्टर. एक भीती संपली की दुसरी त्यांना अडवी. ऊन उतरलं तरी फेऱ्या थांबेनात. शेवटी काकू चुलीपासून उठल्या.

"आवं, पोरगी काकडतीया," त्या म्हणाल्या, "आन् तुमी दगडास्नी परदक्षिना घालताय व्हय?"

हवालदार थांबले. डोक्याला टॉवेल बांधला आणि देवाचं नाव घेत दारातून आत शिरले. मी मागोमाग निघालो, तर वळून म्हणाले, "मास्तर, तुमी नगा येऊ. दोघं बी आत गेलाव तर भाईर भ्यायला कोन ऱ्हाईल?"

पहिलं चाक त्यांनी कौलांकडं बघत बघत ढकलत आणलं. दुसरं आणलं. तिसऱ्याला आत गेले आणि जमीन गुरगुरली. कौलं खडखडली, आतून मातीचा लोट आला. काकूंनी माझा हात घट्ट धरला. मग दारातून नुसतं चाक बाहेर आलं, आपल्या आपण गडगडत तुळशीपर्यंत गेलं आणि आडवं झालं. मागं कोणी नाही. बऱ्याच वेळानं हवालदार रांगत बाहेर आले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. खोकून घेतलं, चेहरा पुसला आणि चौथ्या चाकाला परत आत गेले.

दिवे लागायच्या आत गाडी चाकांवर उभी राहिली आणि माझी बायको लुगड्याच्या पडद्याआड उबेला झोपली. आठवड्याच्या आत एका सकाळी तिथंच आमची मुलगी जन्मली. काकूंनी बाळ दाखवायला दार उघडलं तेव्हा हवालदार रडत होते. दुसऱ्या दिवशी एसटीनं साताऱ्याला जाऊन त्यांनी गाडी वापरल्याचा गुन्हा कचेरीत स्वतःच कबूल केला. तिथला साहेब हसून म्हणाला, की गाडी रस्त्यावर आली नाही ना, मग जा घरी. हे परतले ते आणखी काळजीत. "तोंडानं म्हनला," त्यांनी मला सांगितलं, "लिवून कुटं दिलंय?" पुढं हिवाळाभर खाकी कपड्यातला पोस्टमन दिसला तरी ते परसात जात.

पण त्यानंतर गाडी दगडांवर कधी चढली नाही. कर वाचवायचा अर्ज जाई, पाचट पडे, बॅटरी लग्नं जेवी. चाकं मात्र जाग्यावरच. टायर बसून तडकले तेव्हा मी म्हटलं, की हे नुकसानच नाही का? ते माझ्या मुलीकडं बघत म्हणाले, "कवा लागंल त्याचा काय नेम, मास्तर."

पुढं माझी बदली आष्ट्याला झाली. कोयनेचे धक्के काही थांबले नव्हते. जरा भांडी वाजली, की दोन दिवसांत हवालदारांचं कार्ड ठरलेलं: धक्का कळला का, पोरीला भाईर झोपवा, अंगावर घोंगडं घाला. आम्ही हसत असू. त्यांच्या भीतीत आमच्या पोरीची भर पडली होती, आणि तिच्यासाठी इतकं भिणारं दुसरं कोणी तिला मिळालं नाही, हे मला फार उशिरा उमगलं.

परवा पुन्हा फडताळातली भांडी वाजली. हवालदार जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सासरी नांदते. तरी दोन दिवस मी पोस्टमनच्या वेळेला दारात उभा होतो.