पाठ दाराकडे

आम्ही तिघी आता तीन देशांत आहोत. कधीतरी भेट होते, मुलांच्या शाळा, गुडघे, पार्किंग असं जुजबी बोलून होतं आणि मग कुणीतरी म्हणतं, "नबील सरांचा तो पहिला क्लास..." खलास. पुढचे दोन तास जेवण गार. शारजाच्या त्या डिझाइन कॉलेजात आम्ही शिकलो किती ते देव जाणे, पण किस्से मात्र कपाटावर गुंडाळून ठेवलेल्या ड्रॉइंग्जसारखे साठले. एक ओढायला जावं तर सगळेच अंगावर येतात.

एक आधीच सांगते. शेवटच्या वर्षी मला कुठेच चैन नव्हतं. इंडस्ट्रियल एरियात बाबांचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं आणि तिथे त्यांनी माझ्यासाठी काचेची केबिन बांधायला घेतली होती. मला मात्र दुबईतल्या एका स्टुडिओत जायचं होतं. त्याचे मालक दरवर्षी आमच्या फायनल ज्युरीला, म्हणजे शेवटच्या प्रोजेक्टच्या परीक्षणाला येत आणि वर्गातला एकच विद्यार्थी नोकरीला उचलत. ती एक मीच असायला हवी, एवढं मला ठाऊक होतं. का, ते ठाऊक नव्हतं.

*

तर पहिला क्लास. नबील सर लेबनॉनचे, आवाज खणखणीत. आल्या आल्या म्हणाले, "ओळख करून द्या. पण नाव सांगायचं नाही, देश सांगायचा नाही आणि वडील काय करतात तेही नाही."

शारजात वाढलेल्या पोरांना ओळख म्हणजे एवढीच ठाऊक. शेवटी माझी केरळची मैत्रीण शीबा उठली. "सर, मग उरलं काय?"

"तेच," सर म्हणाले, "चार वर्षांचा कोर्स आहे."

*

पुढे एकदा सरांनी प्रत्येकाकडून एका वाक्यात 'व्हिजन' मागितलं. तेव्हा तिथल्या प्रत्येक कंपनीचं, मॉलचं, बँकेचं व्हिजन असायचं, मग आमचं का नको? मी रात्र जागून लिहिलं, 'परंपरा आणि आधुनिकता यांमधला पूल होणं.' वाचून माझंच मन भरून आलं.

सकाळी सरांनी सगळे कागद भिंतीवर लावले. अर्धा वर्ग पूल झाला होता. सर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि वळून म्हणाले, "हबीबी, पूल पुष्कळ झाले. नदी कुठे आहे?"

*

मग मी ठरवलं, डिझायनर निदान दिसायला तरी लागावं. स्टुडिओतले सगळे लोक काळे कपडे घालतात असं ऐकलं होतं. भर ऑगस्टात मी डोक्यापासून पायापर्यंत काळी होऊन घरी आले.

आईनं दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. "कोण गेलं गं?"

धाकटा भाऊ टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाला, "Nobody, Aai. She's a designer now."

*

व्हिजिटिंग कार्डाचा किस्सा शीबा माझ्यापेक्षा चांगला सांगते. स्वतःचं कार्ड करा, असा प्रोजेक्ट होता. मी नुसतं 'डिझायनर' लिहीन तर मी कसली? मी छापलं, 'अनघा पेंडसे, डिझाइन थिंकर.' बाबांनी कौतुकानं एक कार्ड खिशात टाकलं आणि वर्कशॉपला लाकूड पुरवणाऱ्या खानसाहेबांना दाखवलं.

खानसाहेबांनी ते उलटंसुलटं केलं. "बेटी क्या करती है?"

"सोचती है," बाबा म्हणाले.

"माशाल्ला. और काम कौन करता है?"

"मैं."

*

केबिनचं काम पुढे सरकलं, तसे नाश्त्याच्या टेबलावर लॅमिनेटचे नमुने यायला लागले. अक्रोड, ओक, राखाडी, पांढरा. बाबा रोज विचारत, "कुठलं लावू?" मी रोज उद्यावर ढकलायचे. एक निवडलं की दुसरं बरं वाटायचं आणि खरं म्हणजे मला ती केबिनच नको होती. पण तसं म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

एके दिवशी बाबांनी सगळे नमुने गोळा केले. "स्वतःच्या केबिनीला एक लॅमिनेट ठरत नाही तुला. लोकांच्या घरांचं काय करणार तू?"

बाबांचा आवाज एरवीच मोठा. वर्षानुवर्षं करवतीच्या आवाजावर ओरडून बोललेला माणूस, त्यांना हळू बोलणं जमतच नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दुपारी आईला फोन करून विचारलं, "ठरलं का मग लॅमिनेट?" सगळे हसले, पण मला ते फार लागलं.

*

फायनल प्रोजेक्ट होता, ओळखीच्या एका माणसासाठी बैठकीची खोली. आमच्या तिघींतली तिसरी मरियम, मूळची शारजाचीच. तिच्या घरी नवीन व्हिला होत होता, म्हणून मी तिच्या आजीची मजलिस घेतली. मजलिस म्हणजे पाहुण्यांची खोली. त्यांच्याकडे तिथे सगळी बैठक भिंतींना लागून असते आणि मधली जागा मोकळी. मला ते वेटिंग रूमसारखं वाटे. मी सोफे मधोमध आणले, गटागटानं, एकमेकांकडे तोंड करून. मॉडेल इतकं देखणं झालं की मी ते मांडीवर घेऊन टॅक्सीनं त्यांच्या घरी गेले.

आजींना तिथल्या जुन्या लोकांसारखी छान हिंदी यायची. त्यांनी मॉडेल बराच वेळ पाहिलं. मग समोरच्या ताटलीतला एक खजूर उचलून माझ्या सोफ्यावर ठेवला. "ये मैं." दुसरा दाराशी ठेवला. "ये मेहमान. अब मेहमान आया. मेरी पीठ दरवाज़े को. मैं देखूँ कैसे? उठूँ कैसे?"

मी काहीतरी कन्सेप्ट वगैरे बोलायला लागले. त्यांनी शांतपणे दारातला पाहुणा उचलला आणि खाऊन टाकला.

*

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. मी जपानी खोली काढली, फाडली. स्टीलची काढली, फाडली. शेवटी भिंतींना लागून एक साधी, रुंद, बुटकी बैठक काढली. कुठेही बसा, दार समोर. त्यात 'माझं' म्हणावं असं काहीच दिसेना.

ज्युरीसाठी खोलीचा एक कोपरा पूर्ण मापाचा उभा करायचा होता. बाबांनी तो वर्कशॉपमध्ये बनवला, कुरकुरत. "एवढी रुंद? माणसं बसणार की झोपणार?" ज्युरीच्या सकाळीही मी म्हटलं, "बाबा, कापड बदलू या का?"

"आता फक्त स्क्रू," बाबा म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली वाकले.

मी चार्ट आणायला गेले. परत आले तेव्हा मरियमची आजी माझ्या कोपऱ्यात बसलेली. नातीचं काम बघायला आलेली, चालून दमलेली. आजींनी एकदा दाराकडे पाहिलं, चपला काढल्या, पाय वर घेतले आणि बघता बघता झोपल्या. बाबा स्क्रूड्रायव्हर हातात धरून पुतळ्यासारखे उभे.

तेवढ्यात ज्युरी आली. पुढे नबील सर, मागे स्टुडिओचे मालक, कधी न हसणारे इराकी गृहस्थ.

"यल्ला, चल अनघा," सर गरजले, "युअर व्हिजन?"

मालकांनी ओठांवर बोट ठेवलं. मग बूट काढले, बैठकीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, मागे टेकले आणि दाराकडे बघत राहिले. सगळी ज्युरी ताटकळत उभी. माझ्या काखेतले चार्ट घामानं ओले.

"सॅटर्डे," मालक कुजबुजले. तेव्हा आमचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा. "आठ वाजता ये."

"पण तिनं अजून व्हिजन..." सरही आता कुजबुजत होते.

मालकांनी पुन्हा बोट ओठांवर नेलं.

मी बाबांकडे पाहिलं. केबिनला काच लागली होती, एसी बसला होता, फक्त लॅमिनेट राहिलं होतं. बाबांनी एकदा त्या झोपलेल्या बाईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्या कानाशी वाकले आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले.

"हो म्हण पटकन. म्हातारी उठेल."